बुक कुठे संपलं ते आधी सांग

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. बुद्धिबळाच्या स्पर्धेत तुझं इंजिन, म्हणजे तुझा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, जिंकलं, २३ चालींपर्यंत घड्याळ हललंसुद्धा नाही कारण त्या बुकमधल्या, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या चाली होत्या, २४ व्या चालीला त्याने पहिल्यांदा स्वतः डोकं चालवलं तेव्हा स्क्रीनवर आधीच प्लस दोन, म्हणजे दोन प्याद्यांएवढी आघाडी, दिसत होतं, आणि समोरचा मुलगा एवढंच म्हणाला की ह्यात तुझं काय होतं. तेव्हापासून तुझी झोप उडालीये.

हे चीटिंग आहे का असं विचारतेस. अगं, प्रश्नच चुकलाय. नियमात बुक चालत होतं, तू वापरलंस, तो विषय तिथेच संपला. बुक कुठे संपलं आणि ते कुणी केलेलं, हे त्याने विचारायच्या आधी तू सांगितलंस का? नाही ना. टोचतंय ते हे.

आयबीएमच्या डीप ब्लू मशिनचा जगज्जेत्या कास्पारोवशी झालेला सहावा डाव बघ, ११ मे १९९७. कास्पारोवने कारो-कान ह्या ओपनिंगमध्ये सातव्या चालीला प्यादं एच६ वर सरकवलं आणि मशिनने घोडा ई६ वर देऊन टाकला. १९ चालींत डाव खलास. तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली होती, मशिनला बलिदान कळतं म्हणून! आणि ती चाल बुकमधली होती. त्यांच्या टीममधल्या मिगेल इयेस्कासने २००९ मध्ये सांगितलं की त्याच दिवशी सकाळी ती घातली होती. आता घातली तर घातली, तयारी माणसंही करतातच की, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण त्या एका घोड्यावर लोकांनी मशिनच्या बुद्धीबद्दल केवढं काय काय लिहिलं. आठव्या चालीला मशिन विचारच करत नव्हतं हे त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता माझं सांगतो, कारण तुला वाटत असेल काका वरून बोलतायत. २००६ ची गोष्ट. एका मित्राने त्याच्या इंजिनची एक्झी, म्हणजे चालवायची फाइल, मला टेस्टिंगला दिली, बग सापडले तर सांग म्हणाला. मी बग शोधले, दोन कळवलेही. आणि रात्री ते इंजिन माझ्या इंजिनसमोर लावून झोपायला लागलो. सकाळी उठून चहाच्या आधी डाव बघायचे, आपण जिंकलेला एक उचलायचा, त्यातल्या आपल्या चाली बुकमध्ये हिरव्या करायच्या म्हणजे इंजिन त्याच खेळणार, बाकीच्या फांद्या लाल म्हणजे त्या टाळणार. त्याच्याकडे लर्निंग नव्हतं, म्हणजे एकदा हरलेली लाइन ते बिचारं परत तशीच खेळायचं. स्पर्धेत तसंच झालं, ३१ चाली जशाच्या तशा. तो माझ्या शेजारी बसून कौतुकाने म्हणाला, काय खेळलं रे तुझं. मी म्हणालो, हो ना.

हो ना! एवढंच.

किलर लाइन म्हणतात ह्याला, त्या काळी बरेच जण करायचे, नियमात कुठेही मनाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचं बुक इतकं अरुंद होतं की कुणीतरी हे केलंच असतं. बघ, वीस वर्षांनीही मी वकिलीच करतोय. चाली शोधल्या मीच, पण एक्झी त्याने विश्वासाने दिली होती, आणि बुक ३१ व्या चालीपर्यंत होतं हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. नंतर आमचं बोलणंच कमी होत गेलं, वेगळ्या कारणांनी, किंवा मी तसं म्हणतो.

तेव्हापासून माझा हट्ट आहे, प्रत्येक डावाच्या पीजीएनमध्ये, म्हणजे चाली नोंदवलेल्या फाइलमध्ये, कॉमेंट टाकायची: बुक इथे संपलं, बुक अमक्याचं. लोक हसले. मी एक छोटी स्पर्धा चालवायचो तिथे हा नियम केला तर दोघं सोडून गेले, म्हणाले आमचं बुक हे आमचं गुपित आहे. अरे, चाली कोण मागतंय, फक्त कुठे संपलं ते सांगा!

तू लिहिलंयस की आता न्यूरल नेटवर्क आल्यावर कुणाचं ज्ञान कुणाचं हे ठरणारच कसं. पळवाट आहे ही. स्टॉकफिश इंजिनवाल्यांनी त्यांचं नेटवर्क शिकवायला लीला ह्या दुसऱ्या इंजिनचा डेटा घेतला आणि तसं उघड लिहून आभार मानले, झालं. रिब्का इंजिनचं उदाहरण तू दिलंस तो मामला कोडचा होता, क्राफ्टी आणि फ्रूट ह्या इंजिनांमधून घेतलं असं ठरवून आयसीजीए ह्या संगणक-खेळांच्या संघटनेने २०११ मध्ये जगज्जेतेपदं काढून घेतली. कोडच्या ओळीओळीचा हिशेब मागतात आणि बुक कुणाचं हे विचारायला कुणाला सुचत नाही, मला ह्याचाच राग येतो.

आणि बुक काढून टाकलं की सगळं स्वच्छ, असंही समजू नकोस. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरोने १०० डावांत स्टॉकफिशला २८ वेळा हरवलं, बाकी ७२ ड्रॉ, तेव्हा स्टॉकफिशला बुक दिलंच नव्हतं आणि त्यावरून केवढी बोंब झाली. टीसीईसी ह्या इंजिनांच्या स्पर्धेत ओपनिंग आयोजकच देतात, तीच ओपनिंग दोन्ही इंजिनं दोन्ही रंगांनी खेळतात. मला ते पटतं. गंमत म्हणजे तिथल्या कितीतरी ओपनिंग निवडणारा येरून नोमेन म्हणजे रिब्काचं बुक करणारा माणूस. सगळ्यांना माहीत होतं ते बुक त्याचं आहे, कारण ते सांगितलेलं होतं. कळतंय का मी काय म्हणतोय?

बक्षीस परत करू नकोस, तो नाटकीपणा होईल. त्या मुलाला दोन ओळी लिही, बुक २३ पर्यंत होतं, इथून डाउनलोड केलं होतं. माफीबिफी नको.

आणि दुसऱ्या राउंडचा पीजीएन पाठव. १६ व्या चालीला तुझं इंजिन सात मिनिटं अडकलं होतं म्हणालीस, म्हणजे त्या डावात बुक लवकर संपलं असणार, आणि तरीही तू हरली नाहीस. मला तो डाव बघायचाय. कॉमेंट टाकून पाठव.