पोरगा कार्टून पाहून वह्या भरतो, सायन्स सोडू द्यावं काय?

(भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातल्या एका धान उत्पादक वडिलांचं पत्र. मुलगा बारावी सायन्सला. मोबाइलवर 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका पाहतो, कुठला प्रसंग कुठल्या सिनेमावरून उचलला ते वहीत लिहितो. "एकटाच हासते, आम्हाले काई समजत नाही." आता सायन्स सोडून ॲनिमेशनच्या कोर्सला जायचं म्हणतो.)

भाऊ, वहीचे फोटो पाहिले. चित्रं बेताचीच आहेत. नोंदी मात्र पक्क्या. १९९४च्या एका भागात 'द शायनिंग' या सिनेमाची टिंगल आहे. मूळ सिनेमात माणूस बर्फात अडकलेल्या हॉटेलात भ्रमिष्ट होतो. इथं मालिकेतला बाप होमर टीव्ही आणि बिअर मिळेना म्हणून होतो. सांगाडा तोच ठेवून कारण बदललं की हसू येतं, हे तुमच्या मुलानं कुणी न शिकवता हेरलं. हा गुण चित्रकाराचा नाही, लेखकाचा आहे.

म्हणूनच कोर्सबद्दल मी सावध आहे. 'सिम्पसन्स' लिहितात लॉस एंजेलिसला, चित्रांचं बरंचसं काम होतं दक्षिण कोरियात. आपल्याकडच्या स्टुडिओंतही बाहेरून आलेली कामं पुष्कळ. विनोद आधीच ठरलेला असतो. नोकरीच्या हमीवर फी मागणाऱ्या क्लाससाठी कर्ज काढू नका.

आणि सायन्स का सोडायचं? या मालिकेच्या लेखकांपैकी अल जीन हार्वर्डला गणित शिकले, डेव्हिड एक्स. कोहेन भौतिकशास्त्र. १९९८च्या भागात होमर फळ्यावर ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज ४४७२च्या बाराव्या घाताएवढी दाखवतो. फर्माच्या प्रमेयानुसार (दोनापेक्षा मोठ्या घातांत पूर्ण संख्यांची अशी बेरीज जुळत नाही) हे अशक्य, पण दहा आकडे दाखवणाऱ्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बरोबर दिसतं. ही खोडी कोहेनची. मुलाला करून पाहायला सांगा.

लिहायचंच असेल तर दुसऱ्यांच्या सिनेमावर किती दिवस? मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) वेळी गावोगाव भोंग्यावरून फिरणारी आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाची जाहिरात त्याला तोंडपाठ असेल. तिचं दोन मिनिटांचं विडंबन कागदी कात्रणांनी मोबाइलवर करू दे. 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९७चा पहिला भाग असाच कागद कापून केला होता. (ती मालिका मोठ्यांसाठी आहे बरं, लहान भावंडांना सोबत बसवू नका.) गावातले हसले तर समजा जमलं.

बारावी सायन्समधूनच होऊ द्या. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा डीएटी आणि आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइनच्या पदवीसाठीची यूसीड कुठल्याही शाखेला चालते. फॉर्म दिवाळीच्या आसपास पाहत राहा. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयासाठी एएसी सीईटी ही राज्याची कला प्रवेश परीक्षा असते, पण त्याचा हात पाहता ती मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.