पाकिटावरचा हलालचा शिक्का खरा कशावरून मानायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: हलालचे शिक्के अनेक, ते देणाऱ्या संस्था अनेक, नियमही सारखे नाहीत. मग साध्या मुसलमान ग्राहकानं भरवसा कुणावर ठेवायचा? आणि एवढा घोळ घालण्यापेक्षा माल प्रयोगशाळेत तपासून एकदाचा निकाल का लावत नाहीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. खाद्यपदार्थांच्या क्वालिटी विभागात मी बरीच वर्षं काम केलंय. हलाल ऑडिटच्या वेळी कंपनीच्या बाजूनं टेबलाशी बसलोय आणि घरी आल्यावर तसलीच पाकिटं ग्राहक म्हणून उलटसुलट करून वाचलीयत.

प्रयोगशाळा डुक्कर शोधून देते, हलाल शोधून देत नाही. कुराणात (5:3) जे निषिद्ध सांगितलंय त्यात मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं कापलेलं जनावर येतं. यातलं डुक्कर पीसीआर या डीएनए ओळखणाऱ्या चाचणीत सापडतं, अगदी अंशमात्र असलं तरी. पण सुरी फिरली तेव्हा जनावर जिवंत होतं का, सुरी कुणाच्या हातात होती, त्यानं अल्लाहचं नाव घेतलं का, हे मांसाच्या तुकड्यात कुठेच उमटत नाही. जबीहा केलेल्या, म्हणजे इस्लामी पद्धतीनं कापलेल्या, आणि न केलेल्या कोंबडीचा डीएनए एकच असतो. जिलेटिनमध्ये तर डुक्कर शोधणंही सोपं नाही. ते बनवताना कातडी आणि हाडं आम्लात किंवा चुन्यात मुरवतात, मग उकळतात. त्यात डीएनएचे इतके तुकडे होतात की पीसीआरला बऱ्याचदा काही हाती लागत नाही. मग प्रथिनांचे बारीक अंश मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर बघावे लागतात.

चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. 2013च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या तुरुंगांना पुरवलेल्या, वर 'हलाल' लिहिलेल्या 'पाय'मध्ये, म्हणजे मांसाचं सारण भरून भाजलेल्या पदार्थात, डुकराच्या डीएनएचे अंश सापडले, ते चाचणीमुळेच. त्याच्या महिनाभर आधी आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 27 बीफ बर्गर तपासल्याचं जाहीर केलं होतं. त्यातल्या 10 मध्ये घोड्याचा आणि 23 मध्ये डुकराचा डीएनए निघाला. ते बर्गर हलाल म्हणून विकलेले नव्हते, पण लेबल आणि आतला माल यांत केवढी तफावत असू शकते ते त्यातून कळलं. चाचणी खोटं पकडते. खरं असल्याची हमी ती देऊ शकत नाही.

म्हणून मी हलालच्या शिक्क्याकडे साक्ष म्हणून बघतो. कुणीतरी म्हणतंय की आम्ही जाऊन पाहिलं आणि आम्ही सांगतो. मग साक्षीला जे प्रश्न विचारायचे तेच इथे लागू होतात. साक्षीदार कोण? त्यानं नेमकं काय पाहिलं? कधी पाहिलं? त्याचे पैसे कोण देतं?

यातला 'कधी' हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. एका कारखान्यातलं ऑडिट माझ्या चांगलं लक्षात आहे. आमची फाइल चोख होती, प्रत्येक कच्च्या मालाचं हलाल सर्टिफिकेट क्रमानं लावलेलं. ऑडिटरनी फाइल चाळली, मिटली आणि म्हणाले, "आता गोडाऊन दाखवा." तिथे इमल्सिफायरच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाच्या, 25 किलोच्या पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या. दोन्हींवर नाव तेच, मोनो आणि डायग्लिसराइड, म्हणजे लेबलवर आपण ई-471 वाचतो ते. ऑडिटर खाली वाकले आणि पोत्याच्या शिवणीजवळच्या बारीक छपाईवर त्यांनी बोट ठेवलं. दुसऱ्या थप्पीचा उत्पादक वेगळा होता! जुन्या सप्लायरकडे माल कमी पडला म्हणून खरेदी विभागानं दुसरीकडून मागवला होता. वितळणबिंदू जुळत होता, शुद्धता जुळत होती, म्हणून क्वालिटीनं तो पासही केला होता. क्वालिटीनं म्हणजे आम्हीच. चरबी ताडतेलाची की जनावराची, हे त्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलंच नव्हतं, आणि विचारायचं कुणालाही सुचलं नव्हतं. त्या पोत्यांतून तीन बॅचेस निघाल्या होत्या. नव्या सप्लायरकडून कागद येईपर्यंत आम्ही तो सगळा तयार माल अडवून ठेवला. शेवटी ताडतेलच निघालं. पण ते दिवस मी मुसलमान म्हणून कसे काढले ते माझं मला माहीत. खोटं कुणीच बोललं नव्हतं. फाइल एका दिवसाची होती आणि गोडाऊन दुसऱ्या दिवसाचं, एवढंच.

हेच मोठ्या प्रमाणावर इंडोनेशियात घडलंय. तिथे 1988 मध्ये बाजारातल्या अनेक पदार्थांत डुकराची चरबी असल्याची बातमी फुटली आणि लोक हादरले. त्यानंतर 1989च्या जानेवारीत तिथल्या उलेमा परिषदेनं, म्हणजे धर्मपंडितांच्या परिषदेनं, तपासणीसाठी स्वतंत्र संस्था काढली. म्हणजे व्यवस्था उभी राहिली होती. तरी 2000-01 मध्ये अजिनोमोटो या बड्या कंपनीच्या चवीच्या पावडरीचं, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटचं, प्रकरण झालं. ती पावडर जिवाणूंकडून बनवून घेतात. त्या जिवाणूंना वाढवायला जे खाद्य देतात ते प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बदललं गेलं होतं, आणि नवं खाद्य तयार करताना डुकराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरलेलं होतं. नूतनीकरणाच्या वेळी ते उघड झालं. तयार पावडरीत डुकराचा अंश नव्हता. तरी उलेमा परिषदेनं ती हराम ठरवली आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे धर्मपंडित. त्यांनी मात्र ती हलाल असल्याचं सांगितलं होतं.

यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांची सरमिसळ करू नये असं मला मनापासून वाटतं. माल बदलला आणि कळवलं नाही, हा हलगर्जीपणा. तो बदल हराम ठरतो की नाही, हा मतभेद. तुम्ही ज्याला 'वेगवेगळे नियम' म्हणता त्यातला बराच भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे. जनावराला कापण्याआधी विजेच्या झटक्यानं बधिर करावं का? ब्रिटनमध्ये 1994 साली स्थापन झालेली हलाल फूड ऑथॉरिटी जनावर त्यानं मरत नसेल तर ते चालवून घेते. 2003 साली सुरू झालेली हलाल मॉनिटरिंग कमिटी अजिबात चालवून घेत नाही. न्यूझीलंडचं हलाल मांस बधिर करूनच येतं आणि मुस्लिम देशांतही जातं. जिलेटिनचं मूळ रूप पार बदलून गेलं तर हुकूम बदलतो का, या इस्तिहालाच्या प्रश्नावरही उलेमांचं एकमत नाही. किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई-120, यावरही नाही. अन्नाचे आंतरराष्ट्रीय मापदंड ठरवणाऱ्या कोडेक्सनं 1997 मध्ये 'हलाल' शब्दाच्या वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही विचारपंथांनुसार असे फरक आहेत हे कबूल केलंय. म्हणून एखादी संस्था तुमच्या मतापेक्षा वेगळं मत पाळते म्हणून तिला फसवी म्हणू नका. तिनं आपलं मत उघड सांगितलंय का, एवढं मात्र जरूर बघा. लपवणं हीच माझ्या लेखी गैरविश्वासाची खूण.

पैशांचं थोडक्यात सांगतो. फी बहुतेक ठिकाणी कंपनीच देते, संस्था सरकारी असो की खाजगी. त्यामुळे फी घेते म्हणून संस्था वाईट ठरत नाही. तिनं कधी कुणाचं प्रमाणपत्र काढून घेतलंय का आणि ते जाहीर केलंय का, हे मी शोधतो. ज्या संस्थेनं कधीच कुणाला नाही म्हटलेलं नाही तिच्या होकाराला मी फारशी किंमत देत नाही. आणि तिच्यावर कुणाची नजर आहे तेही बघतो. मलेशियात 2011च्या आदेशानंतर हलाल प्रमाणपत्र द्यायचा अधिकार जाकिम या सरकारी खात्याला आणि राज्यांच्या इस्लामी धार्मिक यंत्रणांनाच आहे. इंडोनेशियानं 2014 मध्ये कायदा केला आणि प्रमाणपत्र देण्याचं काम सरकारी संस्थेकडे आणलं. जाकिम मान्यता दिलेल्या परदेशी संस्थांची यादीही प्रसिद्ध करतं. तुमच्या पाकिटावरची संस्था त्या यादीत असेल तर कुणीतरी तिसऱ्यानं तिला तपासलेलं असतं.

आता हातात पाकीट घेऊन काय करायचं? नुसता 'हलाल' हा अरबी शब्द किंवा गोल चित्र दिसलं तर ती कंपनीची स्वतःबद्दलचीच साक्ष. संस्थेचं नाव हवं. नावावरून तिच्या वेबसाइटवर जा आणि तो पदार्थ, तो कारखाना आणि मुदत या तिन्ही गोष्टी तिथे जुळतात का पाहा. एकाच कंपनीच्या एका कारखान्याला प्रमाणपत्र असतं आणि दुसऱ्याला नसतं, हे सर्रास होतं. हॉटेलच्या भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्रही जवळ जाऊन वाचा. पुष्कळदा ते मांस पुरवणाऱ्याचं असतं, त्या स्वयंपाकघराचं नसतं. तेच तेल, तीच सुरी आणखी कशाला लागते, हे त्यात येत नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या 'हराम ई-नंबर'च्या याद्या मात्र पुढे पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. ई-नंबर पदार्थ कोणता ते सांगतो, तो कशापासून काढला ते सांगत नाही. ई-471 ताडतेलाचं असतं, गाईच्या चरबीचं असतं, डुकराचंही असू शकतं. त्या याद्यांमुळे लोक हलाल गोष्ट टाकतात आणि यादीत नसलेली संशयास्पद गोष्ट निर्धास्तपणे खातात.

त्यापेक्षा कंपनीला पत्र लिहा, आणि 'हे हलाल आहे का' असं मोघम विचारू नका. त्याला 'हो' हे छापील उत्तर येतं. असं विचारा: "यातलं ई-471 वनस्पतीचं की प्राण्याचं? प्राण्याचं असल्यास कोणत्या? सुवासिक अर्क कशात विरघळवलाय? हे सप्लायर बदलल्यास तुम्ही हलाल संस्थेला कधी कळवता?" शेवटच्या प्रश्नाचं धड उत्तर देणारी कंपनी मी तरी विश्वासू मानतो, कारण ते उत्तर द्यायला आत कुणीतरी खरंच हे काम करत असावं लागतं.

आणि एवढं करूनही मन शांत होत नसेल तर? हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि मधल्या संशयास्पद गोष्टींपासून जो दूर राहिला त्यानं आपला दीन (धर्म) जपला, या अर्थाची हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, तुम्हाला माहीत असेलच. तिच्याबरोबर प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांची, बुखारी या हदीससंग्रहातली हदीसही ध्यानात ठेवा. काही लोक मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं होतं की नाही आम्हाला माहीत नाही, असं लोकांनी विचारलं. प्रेषितांनी (स.) सांगितलं की तुम्ही स्वतः नाव घ्या आणि खा. ते मांस नव्यानं मुसलमान झालेल्या लोकांकडून आलेलं होतं, अनोळखी कारखान्यातून नव्हे, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाकिटाच्या बाबतीत मी चौकशी करतो आणि उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू सोडून देतो. मुसलमान भावाच्या घरी ताट पुढे आलं की मात्र बिस्मिल्लाह म्हणतो आणि जेवतो. तिथे लेबल शोधत नाही.