पॉलिसीतला ‘निवासाचा देश’ कोणता?

प्रश्न : मी अकरा वर्षांपासून नोकरीनिमित्त परदेशात एकटा राहतो. अलीकडे इथे एका सहकाऱ्याचे अचानक निधन झाले आणि त्याचे पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी आम्हाला वर्गणी काढावी लागली. मायदेशातून घेतलेल्या माझ्या प्रवास विमा पॉलिसीचे मी दरवर्षी नूतनीकरण करतो; तिच्यात पार्थिव परत नेण्याचा खर्च समाविष्ट आहे. अर्जात पत्ता बहिणीच्या घराचा दिलेला आहे. शिवाय इथल्या एका मित्राला मुखत्यारपत्र दिले असून अंत्यविधीपुरती रक्कम माझ्या बचत खात्यात वेगळी ठेवली आहे. एवढी तरतूद पुरेशी आहे, की मृत्युपत्रही करावे?

उत्तर : याच आशयाची पत्रे वरचेवर येतात आणि प्रत्येकात शेवटी मृत्युपत्राविषयी विचारलेले असते. मृत्युपत्र अवश्य करावे, पण तुमच्या प्रश्नाचा निकाल तिथे लागत नाही. तो लागतो पॉलिसीच्या सुरुवातीला असलेल्या व्याख्यांच्या पानावर, जे तुम्ही अकरा वर्षांत एकदाही वाचलेले दिसत नाही.

प्रवास विम्यात पार्थिव परत नेण्याचे कलम सामान्यतः असे असते की, प्रवासात असताना विमाधारकाचा मृत्यू झाल्यास त्याचे पार्थिव त्याच्या ‘निवासाच्या देशात’ नेण्याचा खर्च कंपनी देईल. निवासाचा देश म्हणजे विमाधारक जिथे कायम किंवा बहुतांश काळ राहतो तो देश, अशी व्याख्या बहुधा आढळते; पारपत्र कोणत्या देशाचे आहे याला तिथे महत्त्व नसते. तुमच्या पॉलिसीत हीच भाषा असेल, तर ज्या शहरात तुम्ही अकरा वर्षे भाडे भरता आणि नोकरी करता, तिथे मृत्यू आल्यास तो प्रवासातला मृत्यू ठरत नाही. उलट सुट्टीवर मायदेशी गेला असताना काही झाले, तर याच कलमाप्रमाणे पार्थिव जिथून आलात तिथे परत नेण्याची जबाबदारी निघू शकते. म्हणजे तुम्हाला जे हवे आहे, नेमके त्याच्या उलट.

यावर तुम्ही म्हणाल की अर्जात निवास बहिणीच्या घराचा दाखवला आहे. तिथेच खरी अडचण आहे. खरा निवास सांगितला तर कलम लागू होत नाही, आणि अर्जातला पत्ता पुढे केला तर महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून विमा कंपनीला आजच लेखी विचारा : ‘मी अमुक देशात अमुक वर्षापासून राहतो, तिथेच माझा मृत्यू झाल्यास पार्थिव माझ्या मूळ देशात नेण्याचा खर्च या पॉलिसीत मिळेल का?’ होकार पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीच्या रूपात आला पाहिजे. एजंटचा फोनवरचा दिलासा दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. नकार आला, तर परदेशात वास्तव्य करणाऱ्यांसाठी असलेली, मूळ देश नावानिशी नमूद करणारी पॉलिसी घ्या. नोकरीच्या करारात अशी तरतूद आहे का, तेही पाहा. काही मालक ती करतात.

नवी पॉलिसी घेताना मर्यादेची रक्कम आणि पूर्वपरवानगीचे कलम तपासा. कंपनीच्या साहाय्य केंद्राला कळवण्याआधी नातलगांनी व्यवस्था केली, तर खर्च नाकारण्याची मुभा पुष्कळ पॉलिसींत ठेवलेली असते, म्हणून तो दूरध्वनी क्रमांक मित्राकडे आणि बहिणीकडे दोघांकडे असला पाहिजे. खर्च इतका का होतो, हे बर्लिन येथे १९३७ साली झालेल्या पार्थिव वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारावरून समजते : तळाशी सुमारे पाच सेंटिमीटर जाडीचा शोषक थर, झाळून हवाबंद केलेली धातूची पेटी, ती पुन्हा किमान तीन सेंटिमीटर जाड लाकडी पेटीत, आणि सोबत पार्थिवाचा स्वतंत्र परवाना. सगळे देश त्या करारात नाहीत, पण हवाबंद पेटीची अट बहुतेक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या रूपात असते आणि विमानाने ती मालवाहतूक म्हणून जाते. रक्षा नेणे तुलनेने पुष्कळ सोपे असते. युरोप परिषदेच्या १९७३ च्या करारातून तर रक्षेची वाहतूक स्पष्टपणे वगळलेली आहे. दहन परदेशात चालेल की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवून बहिणीला लिहून द्या.

मित्राला दिलेल्या मुखत्यारपत्राचा या कामी उपयोग नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर, काही देशांतले अपवाद सोडल्यास, संपते. बचत खात्याचेही तेच : मृत्यूची खबर मिळताच बँक व्यवहार थांबवते. काही ठिकाणी अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचे बिल बँक थेट चुकते करते, पण त्यात विमानवाहतूक धरली जाईलच असे नाही. वारसाहक्काच्या कागदपत्रांना न्यायालये किती महिने लावतात ते विचारू नका, आणि शवागाराचे भाडे त्या काळात दिवसागणिक चढत राहते. ती रक्कम बहिणीच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. तिच्यावर तेवढा विश्वास नसेल, तर तो प्रश्न कायद्याचा नाही.

आता मृत्युपत्र. विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या १८८२ च्या इंग्लिश खटल्यात मृताने पुरवणी मृत्युपत्राने आपला देह एका मैत्रिणीच्या स्वाधीन करून दहनाची इच्छा कळवली होती. घरच्यांनी दफन केले. तिने पुढे देह उकरून मिलानला नेला, दहन केले आणि खर्च मागितला. मृतदेह ही कोणाची मालमत्ता नसल्याने त्याविषयीची आज्ञा बंधनकारक नाही, असे ठरवून न्यायालयाने तो नाकारला. सगळ्या देशांत हाच नियम आहे असे नाही, पण खिशातून खर्च करायला निघालेल्या तुमच्या मित्राने हा खटला लक्षात ठेवावा. मृत्युपत्रात बहिणीला व्यवस्थापक नेमा आणि खर्च मालमत्तेतून भरून देण्याचे स्पष्ट लिहा. त्यातला किती भाग मान्य होईल, हे तुमच्या वास्तव्याच्या देशातला वकीलच सांगू शकेल.

वकिलातीच्या भरवशावर राहू नका. वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परकीय नागरिकाच्या मृत्यूची खबर तिला विनाविलंब द्यावी लागते, पण खर्च तिने सोसावा असे त्यात म्हटलेले नाही.

कंपनीचे लेखी उत्तर आले की ते, व्याख्यांचे पान आणि तुम्ही भरलेल्या अर्जाची प्रत घेऊन पुन्हा लिहा. तोपर्यंत मृत्युपत्राचा मसुदा पाठवण्याची घाई करू नका.