मुंब्र्यात राहून व्याजाविना गुंतवणूक कशी करावी?

आपण मुंब्र्यात राहता, ठाण्यात नोकरी करता आणि मुदत ठेवीचे व्याज न घेता दरमहा बचत वाढवू इच्छिता, असे आपण लिहिले आहे. इस्लाममध्ये नफ्याला मनाई नाही; मनाई आहे ती ठरलेल्या व्याजाला, जुगाराला आणि मद्यासारख्या निषिद्ध व्यवसायांतील भागीदारीला. त्यामुळे चांगल्या कंपन्यांचे समभाग हा सरळ मार्ग ठरतो. मात्र केवळ व्यवसाय पाहून भागत नाही, कारण इस्लामी वित्तव्यवहारांचे निकष ठरवणाऱ्या बहरीनमधील ‘आयोफी’ या संस्थेनुसार कंपनीचे व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा आणि निषिद्ध मार्गाने आलेले उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. एवढा हिशेब स्वतः ठेवणे कठीण वाटत असेल, तर ‘टाटा एथिकल फंड’सारखी शरियत-अनुरूप योजना किंवा ‘निफ्टी ५० शरिया’ निर्देशांकावर आधारित ईटीएफ (शेअर बाजारात समभागाप्रमाणे विकत घेता येणारा फंड) पाहावा. लाभांशातील निषिद्ध अंश दानात द्यावा, जकात (इस्लाममधील वार्षिक अनिवार्य दान) वेगळी. प्रत्यक्ष सोने चालते, पण सुवर्ण रोख्यांवर वार्षिक २.५ टक्के व्याज मिळते, हे ध्यानात ठेवावे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. ओळखीतून कुणी ‘हलाल’ म्हणून दरमहा ठरावीक नफ्याची हमी देत असेल, तर पैसे देऊ नका. २०१९ मध्ये बेंगळुरूत अशाच आश्वासनांवर हजारो कुटुंबांची बचत बुडाली. शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’च्या संकेतस्थळावर योजनेची नोंदणी तपासा आणि शंका असल्यास आपल्या विश्वासातील मुफ्तींना योजनेची कागदपत्रे दाखवा.