लघुग्रह शोधायला बसताय? आधी एवढं सांभाळा

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नका. आयएएससीच्या (हौशी लोकांकडून लघुग्रह शोधून घेणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम) मोहिमेत गट करून नाव नोंदवा, पैसे लागत नाहीत. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने टिपलेले चार फोटो मिळतात. ते अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ब्लिंक करा (म्हणजे फोटो एकामागोमाग पटापट पालटून पाहा) आणि सरकणारा ठिपका शोधा.

नवखे हमखास इथे चुकतात:

- एमपीसीऑर्ब फाइल (माहीत असलेल्या लघुग्रहांच्या कक्षांची यादी) ताजी करत नाहीत. मग आधीच माहीत असलेला लघुग्रहही 'नवा' वाटतो आणि आनंद फुकट जातो.
- दोनच फोटोंत दिसलेला ठिपका कळवून टाकतात. तो बहुधा कॅमेऱ्याचा गोंगाट (नॉइज), म्हणजे खोटा ठिपका असतो. खरा लघुग्रह एवढ्या वेळात सरळ रेषेत, जवळपास सारख्या वेगाने सरकतो. तेजस्विताही फारशी हलत नाही. सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ठिपका गोंगाटापेक्षा किती पट ठळक आहे ते) ५ च्या खाली असेल तर जपून.

सापडतात ते बहुतेक मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले. पृथ्वीवर आदळणारं काही लगेच हाती लागेल ही आशा (की धास्ती?) नको. सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा पक्की होऊन त्याला अधिकृत क्रमांक मिळायला काही वर्षं जातात. कक्षेचं गणित सध्या राहू द्या, चार-चार फोटोंचे पहिले दोन-तीन संच नुसता डोळा बसण्यासाठी पाहा.