वारा फुकट, ऊन फुकट, मग वीजबिल का उतरत नाही?

पवनचक्क्या आणि सौर पॅनेल एवढी वाढली, त्यांना इंधनाचा खर्चही नाही, तरी बिल जिथल्या तिथेच का, हा प्रश्न रास्त आहे. घाऊक भाव आणि घरचं बिल वेगवेगळं पाहिलं की उत्तर सापडतं.

जिथे विजेचा बोलीबाजार आहे, म्हणजे वीजकेंद्रं आपापल्या भावाची बोली लावतात, तिथे स्वस्त बोली आधी उचलतात, मग तिच्यावरची, असं मागणी भागेपर्यंत चालतं. शेवटी ज्या केंद्राची गरज पडते, त्याचा भाव त्या वेळेपुरता सगळ्यांनाच मिळतो. वारा-ऊन शून्याच्या आसपास बोली लावतात, त्यामुळे महागडी गॅसकेंद्रं रांगेबाहेर जातात आणि भाव पडतो. जर्मनीत २०२४ मध्ये तर ४५० हून जास्त तास घाऊक भाव शून्याच्याही खाली होता, म्हणजे वीज विकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत होते.

पण ऊन उतरलं, वारा पडला की गॅस परत येतो आणि भाव तोच ठरवतो. २०२२ मध्ये युरोपात हेच झालं. पवनचक्क्यांचा खर्च वाढला नव्हता, तरी गॅस कडाडल्यामुळे सगळीच वीज महागली. स्पेन आणि पोर्तुगालने तेव्हा वीजनिर्मितीच्या बोलीत धरल्या जाणाऱ्या गॅसच्या दरावर मर्यादा घातली, कारण दुखणं गॅसमध्येच होतं.

आता बिल. त्यात तारांचा खर्च, कर आणि अधिभार येतात. जर्मनीचा अधिभार नीट समजून घेण्यासारखा आहे. उत्पादकाला ठरलेला दर देण्याची हमी होती आणि बाजारभाव कमी पडला तर फरक ग्राहकांच्या बिलातून भरला जायचा. म्हणजे घाऊक भाव जितका खाली, तितका अधिभार वर! २०१७ मध्ये तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत गेला. जुलै २०२२ पासून तो बिलातून काढून तो बोजा सरकारने उचलला. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. स्वच्छ विजेबद्दल लोकांच्या मनात नाहक अढी बसली.

आणखी एक. सगळी सौर पॅनेल एकाच वेळी वीज देतात, म्हणून ती दुपारचा स्वतःचाच भाव पाडतात. नुसती पॅनेल वाढवून संध्याकाळ स्वस्त होत नाही. त्यासाठी दुपारची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या हव्यात, आणि दूरची वीज आणणाऱ्या वाहिन्याही. कॅलिफोर्नियात आता अशा मोठ्या बॅटऱ्या संध्याकाळी गॅसची जागा घेऊ लागल्या आहेत.

तुमचा दर दिवसभर एकच असेल, तर दुपारच्या स्वस्ताईचा थेट फायदा तुम्हाला मिळत नाही. तासागणिक बदलणारा दर मिळत असेल तर तो घ्या, पण गाडीचं चार्जिंग, पाणी तापवणं अशी कामं खरोखर दुपारी हलवता येत असतील तरच.