नॉब उजवीकडे, आकडा डावीकडे

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या कोंबड्यांसाठी अंडी उबवण्याची पेटी करतोय. आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), डीएस18बी20 तापमान सेन्सर, 16×2 एलसीडी आणि तापमान ठरवायला केवाय-040 रोटरी एन्कोडर, म्हणजे खटक्याखटक्याने फिरणारा नॉब. त्याच्या दोन सिग्नल पिनांपैकी सीएलके बोर्डाच्या पिन 2 वर, डीटी पिन 3 वर. सीएलके खाली आली (1 ची 0 झाली) की इंटरप्ट येतो, म्हणजे चालू काम थांबवून प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा चालतो. त्यात डीटी वाचून 0.1 अंश वाढवतो किंवा कमी करतो. पण एक खटका फिरवला की 37.5 चे कधी 37.8 होतात, कधी चक्क 37.4. लागोपाठचे 5 मिलिसेकंदांतले इंटरप्ट सोडून दिले, तर आकडा पुष्कळदा जागचा हलतच नाही. दुकानदार म्हणतो एन्कोडर बदल. बदलू का? (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : बदलू नकोस. नवा आणलास तरी तोही असाच वागेल, कारण एन्कोडर चांगला आहे.

आत पत्र्याच्या पट्ट्या घासत जातात. संपर्क जुळताना आणि सुटताना त्या थोडा वेळ थरथरतात, यालाच आपण बाउन्स म्हणतो. आता एक खटका अगदी सावकाश फिरवून बघू. दोन्ही पिना आधी वर, म्हणजे 11 (पहिला अंक सीएलकेचा, दुसरा डीटीचा). आधी सीएलके खाली येते : 01. मग डीटी खाली : 00. मग सीएलके वर : 10. शेवटी डीटी वर, पुन्हा 11. सीएलके खाली येताना थरथरली तर तुला एकाऐवजी तीन उतार दिसतात. डीटी वर आहे, म्हणून तिन्ही ‘पुढे’. हे झाले तुझे 37.8.

खरी गोम पुढे आहे. सीएलके परत वर जाताना सुद्धा थरथरते, आणि त्या थरथरीतही उतार असतात. त्या वेळी डीटी खाली असते, म्हणून तुझा प्रोग्रॅम त्यांना ‘मागे’ म्हणतो. 5 मिलिसेकंदांची गाळणी लावलीस तेव्हा पहिल्या थरथरीतून एक ‘पुढे’ उरलं आणि नंतरच्या थरथरीतून एक ‘मागे’. बेरीज शून्य. गाळणीचा वेळ वाढवून हे सुटणार नाही, कारण माणूस नॉब किती सावकाश फिरवेल याला धरबंध नाही.

म्हणून वेळ मोजणं सोड आणि क्रम बघ. दोन्ही पिनांवर ‘चेंज’ इंटरप्ट लाव, म्हणजे पिन वर गेली काय किंवा खाली आली काय, तो येईल. उनोच्या 2 आणि 3 या दोन पिना त्यासाठीच आहेत. दर वेळी जुनी जोडी आणि नवी जोडी शेजारी ठेवलीस की चार बिटांचा, 0 ते 15 मधला एक आकडा मिळतो. 13, 4, 2, 11 आले तर +1. 14, 8, 1, 7 आले तर −1. बाकी सगळ्यांना 0. आता सीएलके थरथरली तर +1, −1, +1 असं होतं आणि हाती एकच उरतो. थरथर स्वतःलाच खोडून काढते. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात अंदाजाने ठरवलेला एकही आकडा नाही.

जोडी 11 वर परत आली की साठलेली बेरीज बघ. धन असेल तर एक पायरी वर, ऋण असेल तर एक खाली, आणि बेरीज पुन्हा शून्य कर. (काही एन्कोडर 00 वरही खटक्यात बसतात. तुझा कसा आहे ते सिरियल मॉनिटरवर जोड्या छापून एकदा बघून घे.) दिशा उलटी आली तर सीएलके-डीटीच्या वायरी अदलाबदल कर, प्रोग्रॅमला हात लावू नकोस. इंटरप्टमध्ये बदलणारा आकडा ‘व्होलाटाइल’ हवा, म्हणजे प्रोग्रॅम तो दर वेळी मेमरीतून नव्याने वाचेल. तो दोन बाइटचा असेल तर लूपमध्ये त्याची प्रत घेताना इंटरप्ट क्षणभर बंद कर. उनो 8 बिटांचा आहे, अर्धा जुना अर्धा नवा आकडा हाती लागू शकतो.

एवढं करूनही पडद्यावरचा आकडा अडखळत पुढे जाईल. तो दोष सेन्सर वाचण्याच्या पद्धतीचा. डीएस18बी20 ला 12 बिटांचं एक मोजमाप करायला 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि नेहमीची लायब्ररी तोवर तिथेच थांबून राहते. ‘सेट वेट फॉर कन्व्हर्जन’ला ‘फॉल्स’ दे. मोजमाप सुरू करून निघून जा, मिलिसवर (बोर्डाच्या मिलिसेकंद घड्याळावर) लक्ष ठेवून वेळ झाली की येऊन वाच.

आणि एक आग्रह. पंख्याच्या पेटीत कोंबडीची अंडी 37.5 अंशांच्या आसपास 21 दिवस राहायची आहेत. कुणाचा हात नॉबला लागला आणि आकडा सरकला, तर तो घाणा गेला. म्हणून नॉब दाबून धरल्यावरच बदल होऊ दे. नॉब दाबल्याचं कळवणाऱ्या एसडब्ल्यू पिनचा पुल-अप (पिन एरवी वर धरून ठेवणारा रोध) पुष्कळ मॉड्यूलवर बसवलेलाच नसतो, तेव्हा ती ‘इनपुट पुलअप’ कर.

प्रश्न : हेच केवाय-040 मॉड्यूल ईएसपी32 या बोर्डाला जोडताना + पिनला 5 व्होल्ट दिले तर चालतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, 3.3 द्या. मॉड्यूलवरचे 10 किलो-ओहमचे रोध + पिनला जोडलेले असतात, म्हणजे तेच 5 व्होल्ट तुमच्या पिनांवर येतील, आणि ईएसपी32 च्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत. मॉड्यूल नसून सुटा एन्कोडर असेल तर 34 ते 39 या पिना टाळा, त्यांना आतला पुल-अप नाही. बाहेरून रोध लावलात तर त्याही चालतील.